दुपारचा पहारा

दारू सोडली की लोक विचारतात, आठवण येते का? मला आठवणीचा एवढा त्रास झाला नाही. मला झोप येईना. हे कोणाला सांगायला जावं तर माणसं हसायची. "पिऊन पडायचास तेव्हा उठत न्हवतास, आता पडत न्हाईस. तुझं कायतरी येगळंच," असं आमचे नाना एकदा चारचौघांत म्हणाले आणि पारावरचे सगळे हसले. नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, गावकीचं सगळं तेच बघतात. मीही सगळ्यांबरोबर हसलो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

आमचं घर मूळचं खराडीचं. ज्या रानात वडिलांनी ज्वारी काढली तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत कॉम्प्युटरवाली पोरं-पोरी रात्रभर दिवे लावून बसतात. आमच्या वाट्याच्या तुकड्यावर मी खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. हाताला काम उरलं नाही, पैसा आला, आणि रिकाम्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. पुढचं सांगत बसत नाही, घरोघरी मातीच्या चुली. शेवटी कावीळ झाली, दवाखान्यात पडलो आणि दारू तिथेच तुटली. घरी आलो तेव्हा पौषाची थंडी होती. वाटलं, सुटलो एकदाचा.

पण दिवस मावळला की अंथरुणाची भीती वाटायला लागली. अंथरुणावर पडलो की पाय आपोआप झटके द्यायचे. जरा डोळा लागतोय म्हणावं तर कोणीतरी हाक मारल्यासारखा दचकून उठायचो, अंगाला घाम. आमच्या मंडळीनं, म्हणजे बायकोनं, तिला ठाऊक होतं ते सगळं करून पाहिलं. दुधात जायफळ उगाळून दिलं. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळलं. तिच्या माहेरच्या कोणी सांगितलं म्हणून पलंग फिरवून डोकं पूर्वेला केलं. एका रात्री मी तो दुधाचा पेला भिंतीवर फेकला. ती फडकं आणून पुसायला बसली. तिच्या त्या न बोलण्याचाही मला राग यायचा. रागाला तेव्हा काही धरबंध नव्हता.

मग नारायण पेठेतल्या एका जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आपण इतकी वर्षं झोपत होता असं आपल्याला कोणी सांगितलं? आपण बेशुद्ध पडत होता. झोप आपल्याला नवीन आहे. ओळख व्हायला वेळ लागणार." मी म्हटलं, गोळी द्या काहीतरी जोरदार. म्हणाले, "देतो की. म्हणजे पुढच्या वर्षी ती सोडवायला परत या." किती दिवस लागतील, असं विचारलं तर म्हणाले, "ते मला सांगता आलं असतं तर मी पंचांग काढलं असतं." चिडून बाहेर पडलो. आता वाटतं, त्या माणसाइतकं खरं मला कोणी बोललं नव्हतं. पण खरं ऐकून झोप थोडीच येते.

देवाचं म्हणाल तर मी काही भाविक नव्हतो. जत्रेला नारळ, पाडव्याला गुढी, झालं. मंडळी म्हणायची, पडल्या पडल्या नाव घ्या, बरं वाटतं. मी घेऊन बघितलं. नाव घेतलं की मला उलट जास्तच जाग यायची, कारण आता येईल, आता येईल म्हणून मी झोपेचीच वाट बघत बसायचो. मग त्याच्यावरही राग. आहे तर देत का नाही, आणि नाही तर मी हे कोणाशी बोलतोय? डोक्याचा नुसता भुगा झाला होता. दिवसा माणसं बोलायची ते मला अर्धंच ऐकू यायचं.

चैत्रात आमच्या गावठाणात मारुतीच्या देवळापुढे सप्ता बसतो. मांडव घालतात, सकाळी काकडा, दुपारी पंगत, रात्री कीर्तन, आणि सात दिवस अखंड नामजप. अखंड म्हणजे खरोखरच अखंड. एकजण गळ्यात वीणा घालून उभा राहतो आणि स्पीकरवर नाव घेत राहतो. दोन तास झाले की वीणा दुसऱ्याच्या हातात द्यायची. याला पहारा म्हणतात. सात दिवसांत नाव थांबायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही, एवढे दोनच नियम, पण फार कडक. वीणा देताना-घेताना दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचं. तिथे वय, नातं, जात काही बघायचं नाही.

पूर्वी पहाऱ्याला माणसं भांडायची. आता तरणी पोरं ऑफिसात, म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले. रात्रीचे पहारे कसेबसे भरतात, पण सगळ्यांत अवघड दुपारचा. पंगतीत आमटी आणि बुंदी हाणलेली असते, वरून चैत्राचं ऊन, मांडवाखाली वाफ धरलेली. उभ्या उभ्या डुलकी येते. मागच्या वर्षी एका वीणेकऱ्याला खांबाला टेकल्या टेकल्या झोप लागली होती, त्यावरून गावात केवढं रामायण झालं. म्हणून यंदा नाना सरळ माझ्या घरी आले. म्हणाले, "दुपारचा पहारा तुझा. ज्याला रातीला झोप न्हाय त्याला दुपारी कुठनं येणार? तुझ्याएवढा भरवशाचा माणूस गावात न्हाय." भरवशाचा हा शब्द माझ्याबद्दल कोणी वापरल्याला जमाना झाला होता. माझ्या गळ्यात माळ नव्हती, त्यावर कोणीतरी कुरकुरलं. नाना म्हणाले, "सप्त्यापुरता नेम पाळंल. दारू सोडलीय त्यानं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सोडलीयस ना?"

पहिल्या दुपारी वीणा घेतली तेव्हा आधीचा वीणेकरी माझ्या पायाशी वाकला. माळकरी, शुद्ध माणूस, वडिलांच्या बरोबरीचा. माझ्या पायांना त्याचे हात लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठले पाय हे, कुठेकुठे गेलेले. मी घाईघाईने वाकून त्याच्या पाया पडलो आणि वीणा गळ्यात अडकवली. झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. दोन तास कोरडेपणाने नाव घेतलं, वीणा पुढच्याला दिली आणि घरी गेलो. रोज तेच.

सप्ता निम्म्यावर आला तेव्हा मी हरलो. रात्री डोळ्याला डोळा लागलेला नव्हता आणि सकाळी वाटलं, बस झालं. स्कूटर काढली, वाघोलीच्या पुढे गेलो, जिथे मला कोणी ओळखत नाही, आणि एक क्वार्टर घेतली. पंपाच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागे ठेवली. मनाशी म्हटलं, ही दारू नाही, औषध आहे. आज पहारा आटपून रात्री घ्यायची आणि फक्त झोपायचं. सप्त्याच्या दिवसांत, वीणा धरणाऱ्या माणसानं. हे सगळं मला कळत होतं. कळूनही मी ठरवलं होतं आणि ठरवल्यावर चक्क हलकं वाटलं होतं.

त्या दुपारी मी वीणा घेऊन उभा राहिलो. पंगत उठली होती. बायका मांडवामागे भांडी घासत होत्या, त्यात आमची मंडळीही होती. हळूहळू अख्खा मांडव आडवा झाला. कोणी टोपी तोंडावर घेतलेली, कोणी पिशवी उशाला घेतलेली. दोन टाळकरी होते तेही खांबाला टेकून, टाळ मांडीवर, तोंड उघडं. सगळा गाव माझ्यापुढे झोपलेला आणि मी एकटा उभा. आधी मला हेवा वाटला. मग इतका राग आला की नाव घेता घेता माझा आवाज चढला. तोंडाने नाव चालू, आणि मनात मारुतीकडे बघून भांडत होतो. सगळ्यांना झोप वाटतोस, मलाच का नाही? रात्री काय करणार आहे मी, माहीत आहे ना तुला? मग अडव की. मारुती आपला शेंदूर लावून उभा. भांडून भांडून मी थकलो. खरंच थकलो. म्हटलं, जाऊ दे बाबा. नको मला झोप. ठेव तुझ्यापाशीच. रात्रीचं रात्री बघू, हे दोन तास तेवढे नाव घेतो. त्यानंतर मी झोपेची वाट बघणं सोडलं, एवढं मला पक्कं आठवतं.

यापुढचं मात्र मला नीट सांगता येत नाही. जसं आठवतं तसं सांगतो. कोणीतरी माझ्यासमोर आलं. वयस्कर माणूस, उघड्या डोक्याचा. आधी तो माझ्या पायाशी वाकला. त्याचे हात ओले होते, पंगतीतून धुऊन आल्यासारखे, पायाला गार लागले. मग म्हणाला, "दे इकडं. लय येळ धरलीस." मला वाटलं, पहारा संपला. मी गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली. त्याने माझ्याच चालीत नाव उचललं. मी रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडायला वाकलो, आणि वाकलो तो वर आलोच नाही.

जाग आली तेव्हा मांडवाची सावली लांब गेली होती आणि चहाचा वास येत होता. डोक्याखाली कोणीतरी घडी करून पंचा ठेवला होता. कितीतरी वेळ मी कोण, कुठे आहे, काही कळेना. मग हात छातीवर गेला. वीणा नव्हती. उठून बसलो तर माणसं माझ्याकडे बघत होती. त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. लग्नकार्यात, सार्वजनिक ठिकाणी, कुठे कुठे उठलो होतो मी अशा नजरांमध्ये. वाटलं, म्हणजे प्यायलो की काय मी? क्षणभर खरंच ठरवता येईना.

"उठला का कुंभकर्ण," नाना म्हणाले. ते खुर्चीवर बसले होते आणि चेहरा एरंडेल प्याल्यासारखा. मी त्यांच्या नजरेमागे बघितलं. देवळाच्या पायरीपाशी आमची मंडळी उभी होती. डोक्यावर पदर, गळ्यात वीणा. नाव घेत होती. तिचा आवाज पार बसला होता.

काय झालं ते मला तिथेच, तुकड्या तुकड्यांनी कळलं. मी गुडघ्यावर पडून, कपाळ सतरंजीला टेकून झोपलो होतो. नाना जेवून आले तर हे दिसलं. ते म्हणाले, "टाकून आलाय. मला माहीतच हुतं." चारदोन जण मला उचलून बाहेर काढायला पुढे झाले. तेव्हा मंडळी वीणेसकट आडवी आली. गलक्याने टाळकरी जागे झाले होते, तेवढ्यापुरतं नाव त्यांनी धरलं. थोरल्या दिरापुढे जिने कधी आवाज चढवला नाही ती म्हणाली, "मी तोंडाचा वास घेतलाय त्यांच्या. झोपलेत ते. उठवायचं न्हाय कुणी."

नाना म्हणाले, "आणि बाईनं पुरुषांच्या पहाऱ्याला वीणा घ्यायची? ही कुठली रीत?"

ती म्हणाली, "घेतलीय. आता खाली ठेवू का?"

नाना खुर्ची ओढून बसले. वीणा खाली तर ठेवता येत नाही. तीन वाजता पुढचा वीणेकरी आला, तर त्यालाही तिने वीणा दिली नाही. म्हणाली, मला सांगितलंय, हे उठतील तेव्हा ह्यांच्याच हातात द्यायची. कोणी सांगितलं? तर म्हणे, त्या बाबांनी.

ती भांडी घासत होती. स्पीकरवरचा माझा आवाज बंद झाला आणि दुसराच सुरू झाला, म्हणून ती हात तसेच पदराला पुसत बाहेर आली. मी पडलेलो होतो आणि एक म्हातारा वीणा घेऊन उभा होता. ती आधी माझ्याजवळ बसली, वाकून वास घेतला. इतक्या वर्षांची सवय. मग त्या म्हाताऱ्याने तिच्या गळ्यात वीणा घातली आणि म्हणाला, "हा उठंस्तवर धर बाई. मग त्याच्याच हातात दे." एवढं बोलून तो गेला. कुठे गेला ते तिने बघितलं नाही, ती नाव घेण्याच्या नादात होती.

आता गंमत अशी, की मला दिसलेला माणूस उघड्या डोक्याचा होता. तिने बघितलेल्या म्हाताऱ्याला तांबडा पटका होता. माझ्या माणसाचे हात ओले, तिच्या म्हाताऱ्याचे कोरडे खरखरीत. टाळकऱ्यांना काहीच माहीत नाही, ते घोरत होते. नाना घरी जेवत होते, त्यांनी स्पीकरवर तो आवाज ऐकला. "नाव काय थांबलं न्हाय, एवढं खरं," ते कबूल करतात, "आवाज भारी हुता." नाना म्हणतात, वाघोली, लोहगावकडून पंगतीला शेकड्याने माणसं येतात, असेल कोणीतरी माळकरी. असेलही. मी नंतर वाघोलीला जाऊन चौकशी केली. तांबड्या पटक्याचे म्हातारे तिथे भरपूर निघाले, आणि त्यातला एकही आमच्याकडे आलेला नव्हता. मला अजूनही याचा उलगडा झालेला नाही. आधी फार डोकं चालवायचो, आता नाही चालवत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी तोंड धुऊन आलो. मंडळी माझ्यासमोर आली आणि वीणा द्यायची म्हणून, रीतीप्रमाणे, माझ्या पायाशी वाकली. ते काही नवीन नव्हतं, सणासुदीला ती वाकायचीच. मग तिने माझ्या गळ्यात वीणा घातली आणि उभी राहिली. सगळा मांडव बघत होता. आता रीतीप्रमाणे मी वाकायचं होतं. नवऱ्याने, बायकोच्या पायाशी, भर गावात. नाना खाकरले. मला वाटतं त्यांना म्हणायचं होतं, असू दे, असू दे. मी एका हाताने वीणा सावरली आणि वाकलो. भांडी घासून तिच्या पावलांवर राख उडाली होती, टाचांना भेगा होत्या. माफी माग म्हणून मला दवाखान्यातल्या समुपदेशकानेही सांगितलं होतं. मला कधी जमलं नव्हतं, तोंडच उघडायचं नाही. ते त्या वीणेनं करून घेतलं. मी तिच्या पायाला हात लावून तसाच राहिलो. ती हळूच म्हणाली, "आवो, नाव थांबलं." मग मी उठलो आणि नाव घ्यायला लागलो. 

घरी गेल्यावर मी तिला बाटलीचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत हाय. पंपाची किल्ली मागताना तुमचा आवाज बदलतो." मग ओतून का नाही दिलीस, असं विचारलं. "मी ओतली असती तर तुम्ही दुसरी आणली असती." आम्ही दोघं गेलो आणि मी ती बाटली परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतली. वास आला तशी जीभ ओली झाली, ते खोटं कशाला सांगू.

त्या रात्री मला झोप लागली का? नाही लागली. चमत्कार म्हणावा तर एवढा पोकळ. मी आढ्याकडे बघत पडलो होतो. बऱ्याच वेळाने अंधारातून मंडळीनं विचारलं, "जागं हाय का?"

"हाय," मी म्हटलं.

"बरं. मग मी झोपते," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी तसाच नाव घेत पडून राहिलो, झोपेसाठी नव्हे, पहारा म्हणून. थोड्या वेळाने खोलीत एक आवाज यायला लागला. आधी वाटलं, पंखा बिघडला. मग लक्षात आलं, मंडळी घोरतेय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं मोठी होऊन लांब गेली, आणि आपली बायको घोरते हे मला माहीत नव्हतं. कारण रोज मीच आधी पडायचो आणि ती माझ्या उशाशी बसून राहायची, मी ओकतो की काय, उठून बाहेर जातो की काय. माझी झोप गेली म्हणून मी गाव डोक्यावर घेतलं होतं. तिची तर कधीच गेली होती, आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मी हुंदका दाबला, ती जागी होईल म्हणून.

पुढे पावसाळ्यापर्यंत झोप थोडी थोडी यायला लागली. डॉक्टरांची ओळख व्हायची गोष्ट खरी ठरली. अजूनही एखादी रात्र झोपेविना जाते. पण आता भीती वाटत नाही. वीणा खाली ठेवायची नाही, एवढं मी धरून आहे. पण ती कायम माझ्या एकट्याच्याच गळ्यात असायला हवी असंही नाही, हे मला त्या दुपारी कळलं. हात थकले की कोणीतरी समोर येतं. उघड्या डोक्याने येतं, तांबड्या पटक्यात येतं, कधी डोक्यावर पदर घेऊन येतं. आपण फक्त वाकायचं. ज्याने माझ्या पायांना ते ओले हात लावले त्याला मी रोज रात्री मनातून नमस्कार करतो, तो कोणी का असेना. मग मंडळीचं घोरणं सुरू झालं की दिवा मालवतो.